गवा, बिबट्या आणि पशुवैद्याचे शिक्षण

भुकूमच्या एका शाळेत प्राण्यांच्या अधिवासाविषयी बोलायला गेलो होतो. बोलणे संपल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, कोथरूडचा गवा औषधाने मेला की माणसांनी मारला?" मी काहीतरी उत्तर दिले. परत येताना मात्र ते उत्तर कच्चे होते हे जाणवत राहिले. मी पशुवैद्य नाही, माझे काम प्रयोगशाळेतले. म्हणून या विषयावर आपल्याच भागात काम करणाऱ्यांनी काय लिहून ठेवले आहे ते शोधून वाचले. त्या वाचनाची ही समीक्षा आहे. आपल्याकडे वन्य प्राण्यांच्या डॉक्टरांना काय शिकवले जावे, हा प्रश्न तिच्यातूनच पुढे येतो.

आधी घटना आठवू. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की भूगाव आणि मग भुकूम लागते. इथल्या टेकड्या पश्चिमेकडे सह्याद्रीच्या मुख्य रांगेकडे जातात आणि पूर्वेकडे थेट कोथरूडच्या इमारतींना टेकतात. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक गवा दिसला. बातमी पसरली, माणसे जमली, मोबाइल निघाले. गवा घाबरून धावत सुटला, धडकत राहिला, त्याच्या तोंडाला जखमा झाल्या. त्याला भुलीची सुई मारून पकडण्यात आले आणि त्याच दिवशी तो मेला. पुढे दोन आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, बावधन-पाषाण परिसरात दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवण्यात आले, सुई मारली नाही, आणि वाट मोकळी करून दिल्यावर तो झाडीकडे परत गेला.

मुलीचा प्रश्न 'हे की ते' असा होता, आणि अडचण तिथेच आहे. मोठा खुरवाला प्राणी जिवाच्या आकांताने बराच वेळ धावतो तेव्हा त्याच्या स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही. लॅक्टिक आम्ल साचते, रक्ताची आम्लता वाढते, शरीराचे तापमान चढते. स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. त्यांतले पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाची लय बिघडवते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकते. असा प्राणी काही तासांत मरतो, किंवा ठीक वाटून चार-आठ दिवसांनी मरतो. अशा शरीरात भुलीचे औषध गेले की आधीच अडखळणारे श्वसन आणि रक्ताभिसरण आणखी मंदावते. शिवाय गवा रवंथ करणारा आहे. तो आडवा पडून राहिला तर पोटात वायू साचून फुप्फुसांवर दाब येतो, आणि पोटातले अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते. कोथरूडच्या गव्यात यांपैकी कशाचा वाटा किती होता, हे ठरवणे शवविच्छेदन करणाऱ्यांचे काम. पण गर्दी आणि औषध ही दोन वेगळी कारणे म्हणून मोजता येत नाहीत, एवढे नक्की.

आता पहिला निबंध. अनिरुद्ध बेलसरे हे पुण्याशी संबंधित पशुवैद्य-संशोधक आणि विद्या अत्रेय या बिबट्यांवर काम करणाऱ्या संशोधक. या दोघांचा एक छोटा निबंध २०१० साली प्राणिसंग्रहालय व वन्यजीव वैद्यकाच्या एका अमेरिकी नियतकालिकात आला. जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ या काळात ५५ वेळा बिबट्यांना भूल दिली, त्याचा हा हिशेब आहे. हे काम रुग्णालयात झालेले नाही. हाताशी मोजकी साधने आणि भोवती आवरता न येणारी गर्दी, अशा परिस्थितीत दिलेली ही भूल आहे. निबंधाचा विषयही तोच आहे: आदर्श परिस्थिती नसताना काय करावे?

त्यांनी झायलाझिन आणि केटामिन यांचे मिश्रण वापरले. दर किलो वजनामागे झायलाझिन सरासरी १.४ मिलिग्रॅम, केटामिन ५ मिलिग्रॅम. दोन औषधे कशासाठी? एकट्या केटामिनने प्राणी निपचित होतो, पण स्नायू ताठरतात, झटकेही येऊ शकतात. झायलाझिन स्नायू सैल करते आणि गुंगी आणते, मात्र हृदयाची गती कमी करते. दोन्ही एकत्र दिली की प्रत्येकाची मात्रा कमी लागते. झायलाझिनवर योहिम्बिनसारखा उतारा आहे, केटामिनवर नाही.

पण उसात किंवा एखाद्या घराच्या माळ्यावर दडलेल्या बिबट्याचे वजन कोण करणार? अंदाजही बांधता येत नसेल तेव्हा या दोघांनी ठरावीक मात्रा वापरली: झायलाझिन ५० मिलिग्रॅम, केटामिन १५० मिलिग्रॅम. शिक्षकांनी इथे थांबून वर्गात भागाकार करून घ्यावा. ५० ला १.४ ने भागले तर सुमारे ३६ किलो येतात, १५० ला ५ ने भागले तर ३० किलो. म्हणजे ही मात्रा लहान चणीच्या बिबट्याला बरोबर बसते. साठ किलोचा नर समोर असला तर त्याला निम्मेच औषध मिळेल. ही चूक नाही, मला तर त्यात शहाणपण दिसते. जास्त गेलेले औषध परत काढता येत नाही, कमी पडले तर पुन्हा देता येते. पुढची भरही त्यांनी फक्त केटामिनची दिली, ५० ते ७५ मिलिग्रॅम. झायलाझिन दुसऱ्यांदा दिले नाही.

या धोरणाची किंमतही आहे, आणि निबंध वाचताना ती डोळ्यांपुढे ठेवली पाहिजे. अर्धवट गुंगीतला बिबट्या हा शुद्धीतल्या बिबट्याइतकाच, कदाचित जास्तच, धोक्याचा. सुई लागताच प्राणी कोसळतो हे सिनेमात. प्रत्यक्षात काही मिनिटे जातात आणि त्या मिनिटांत शे-पाचशे माणसे भोवती असतील तर औषधाचे सगळे गणित कोलमडते. म्हणजे डॉक्टरच्या मात्रेइतकीच पोलिसांची दोरी महत्त्वाची. निबंधात गर्दीचा उल्लेख आहे, पण गर्दी हाताळण्याची पद्धत औषधाच्या मात्रेइतक्या काटेकोरपणे मांडलेली नाही. तशी ती कुठल्याच वैद्यकीय नियतकालिकात मांडली जात नाही, कारण ते 'वैद्यक' मानले जात नाही. कोथरूडमध्ये काय झाले ते पाहिल्यावर ही समजूत बदलायला हवी असे मला वाटते.

निष्कर्ष असा की भूल दिल्यानंतर किमान महिनाभरात एकाही प्राण्याला जिवावर बेतणारा त्रास झाल्याची नोंद नाही. ५५ पैकी एकही नाही, हे मोठे यश आहे. पण यश मोजण्याची पट्टी कोणती, हेही विचारायला हवे. पट्टी आहे त्या प्राण्याचा जीव. त्या बिबट्याला पकडणे मुळात गरजेचे होते का आणि नंतर त्याला कुठे सोडले, याचे उत्तर या पट्टीवर येत नाही.

ते उत्तर दुसऱ्या निबंधात आहे, आणि गंमत म्हणजे त्याच्या पहिल्या लेखिका विद्या अत्रेयच आहेत. मॉर्टन ओडेन, जॉन लिनेल आणि उल्हास कारंत यांच्याबरोबर त्यांनी २०११ साली जुन्नर वनविभागातील १९९३ ते २००३ या वर्षांच्या नोंदी तपासल्या. उसाच्या मळ्यांतून बिबटे पकडायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे, असा कार्यक्रम तिथे २००१ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. हेतू चांगला होता, प्राणीही वाचावा आणि माणूसही. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटरवर नेऊन सोडले गेले. कार्यक्रमापूर्वी बिबट्यांचे माणसांवर हल्ले वर्षाला सरासरी ४ होत. नंतर ते १७ झाले. त्यांतले जीवघेणे ठरणाऱ्यांचे प्रमाणही दुप्पट झाले.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसलो. आपण रुग्णाला औषध द्यावे आणि रोग चौपट व्हावा, असा हा प्रकार. औषध देणारे सगळे सद्हेतूने वागत होते. प्रत्येक बिबट्या जिवंत पकडला गेला, जिवंत सोडला गेला. पहिल्या निबंधाच्या पट्टीवर अशी प्रत्येक मोहीम यशस्वीच ठरेल.

विज्ञानशिक्षकाने मात्र इथे लगेच मान डोलवू नये. हा ठरवून केलेला प्रयोग नव्हता. तुलनेसाठी तसाच दुसरा तालुका, जिथे बिबटे पकडले नाहीत, असा बाजूला ठेवलेला नव्हता. त्याच दशकात उसाचे क्षेत्र, पाणी, वस्त्या यांत बदल होत होते. हल्ले वाढले की नोंदीही जास्त काळजीपूर्वक होतात. 'नंतर झाले म्हणून त्यामुळे झाले' ही चूक आपण आठवीच्या मुलाची खपवून घेत नाही, मग संशोधकाची का घ्यावी? लेखकांनी सुचवलेली कारणे म्हणजे पकडले जाण्याचा ताण, अनोळखी मुलूख, माणसांशी आलेला जबरदस्तीचा संबंध. ती पटण्याजोगी असली तरी या नोंदींतून थेट सिद्ध होत नाहीत. असे असूनही मला निबंध भक्कम वाटतो. चारावरून सतरा ही वाढ नोंदींच्या ढिलाईने समजावता येण्याइतकी लहान नाही. आणि दुसरे, बिबट्या सोडल्या जागी राहत नाही हे पुढे गळपट्ट्यांनी दाखवून दिले. २००९ साली पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला एक म्हातारा नर, ज्याला 'आजोबा' नाव मिळाले, रेडिओ-गळपट्टा बांधून माळशेज घाटात सोडला गेला. तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. २०११ साली महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपट आला, तो अनेकांनी पाहिला असेल. नकाशा उघडून मुलांना तो मार्ग शोधायला सांगावे. वाटेतले घाट, रूळ, रस्ते पाहून 'दूर नेऊन सोडा' या सल्ल्यात किती अर्थ आहे ते त्यांचे त्यांनाच कळेल.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ सालीच काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत बिबटे असे हलवण्याला परावृत्त केले. कायद्याची रचना मात्र वेगळ्या बाजूला ओढते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे, पकडणे, भूल देणे किंवा हलवणे शक्य नाही अशी खात्री पटल्याशिवाय पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारण्याचा आदेश देता येत नाही. तरतूद योग्यच आहे. पण गावात संतापलेली माणसे, फोनवर लोकप्रतिनिधी, आणि समोर बंदूक घेतलेला पशुवैद्य असे चित्र असते तेव्हा भुलीची सुई हा सगळ्यांच्या सुटकेचा मार्ग होतो. 'इथे काहीही करू नका, वाट मोकळी ठेवा' असे म्हणण्याचा अधिकार आणि धीर त्या तरुण पशुवैद्याला कोणी दिलेला असतो का? २२ डिसेंबरच्या गव्याच्या वेळी कोणीतरी तो धीर दाखवला, म्हणून तो गवा जिवंत परतला.

तिसरा निबंध सोलापूरजवळच्या नान्नजचा, माळढोक अभयारण्याच्या परिसरातला. बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. गावातल्या मोकळ्या कुत्र्यांच्या आणि माळावरच्या खोकडांच्या रक्तात डिस्टेंपर, पार्व्हो आणि अॅडिनो या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे त्यांनी तपासली. बहुसंख्य कुत्र्यांत ती सापडली, खोकडांतही सापडली, पण कमी प्रमाणात. वरवर वाचणारा म्हणेल, खोकडांना हे रोग कमी होतात. पण प्रतिपिंड सापडते ते जगलेल्याच्या रक्तात. रोग होऊन माळावर मेलेला खोकड कोणी तपासायला आणत नाही. म्हणजे कमी आकड्याचे दोन अर्थ निघतात: संसर्ग कमी झाला, किंवा झालेले वाचले नाहीत. रक्ताचा एक नमुना यातले कोणते खरे ते सांगत नाही, त्याच प्राण्यांना वर्षानुवर्षे गळपट्टे बांधून पाहावे लागते. प्रश्न क्षुल्लक नाही. १९९४ मध्ये सेरेंगेटीतले सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरच्या साथीत गेले. २०१८ मध्ये गीरच्या दलखाणिया भागात वीसहून अधिक सिंह मेले, तिथेही हा विषाणू सापडला.

हे तीन निबंध शेजारी ठेवले की वन्यजीव-वैद्यकाचे तीन मजले दिसतात: एक शरीर, एक मुलूख, आणि अनेक जातींमधून फिरणारा रोग. आपले शिक्षण कुठे आहे? पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात वर्षभर प्रत्यक्ष काम. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रा हे तिचे मुख्य विषय, आणि ते तसेच असायला हवेत. वन्य प्राण्यांच्या वाट्याला त्यात थोडीशी जागा येते. तेवढ्यात जातींची ओळख, पिंजऱ्याची मापे, आहार आणि औषधांच्या मात्रांचे तक्ते बसतात. तक्ते हवेतच. रवंथ करणाऱ्या गाईला झायलाझिन घोड्याच्या सुमारे एक दशांश मात्रेत पुरते, मांजरवर्गीयांना पॅरासिटामॉल विषासारखे भिनते. हे पाठ नसेल तर प्राणी पहिल्याच दिवशी जाईल. पण हा फक्त पहिला मजला झाला.

पुढच्या शिक्षणाच्या सोयी आहेत. नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र गोरेवाड्याला आहे, बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या राष्ट्रीय संस्थेतही या विषयाचे काम चालते. परदेशात अमेरिकेने १९८३ मध्येच प्राणिसंग्रहालय-वैद्यकाला वेगळी विशेषज्ञता म्हणून मान्यता दिली. लंडनचे पशुवैद्यक महाविद्यालय आणि तिथली प्राणिशास्त्र संस्था यांचा वन्य प्राण्यांच्या आरोग्यावरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९४ पासून चालू आहे. मात्र लंडनची नक्कल करून आपले भागणार नाही. तिथल्या विद्यार्थ्याला उसाच्या फडाभोवती जमलेली हजार माणसे सांभाळावी लागत नाहीत. आपल्या प्रगत अभ्यासक्रमात जुन्नरच्या त्या नोंदी पाठ्यपुस्तकासारख्या वाचल्या जाव्यात. विद्यार्थ्याने त्यांतले आकडे स्वतः पुन्हा मांडावेत, त्यांतल्या उणिवा काढाव्यात. वनरक्षक आणि पोलिसांबरोबर गर्दी आवरण्याचा सराव हा परीक्षेचा भाग असावा. आणि सुई न मारण्याचा निर्णय कसा घ्यायचा, त्याची लेखी कारणे कशी द्यायची, हे शिकवले जावे. आज कौतुक नेम साधणाऱ्याचे होते. वर्तमानपत्रात छायाचित्र बेशुद्ध बिबट्याशेजारी उभ्या असलेल्याचे येते, वाट मोकळी करून देणाऱ्याचे येत नाही.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. खेडोपाडी गाईगुरांनाच डॉक्टर वेळेवर मिळत नाही, तिथे हे वन्यजीवांचे चोचले कशाला? आक्षेप खरा आहे, पण त्याने केलेली विभागणी खरी नाही. गोठ्यातल्या गाईला दिलेले डायक्लोफिनॅक तिच्या मृतदेहातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर भारतातली लाखो गिधाडे संपली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवर. ज्या पशुवैद्यांनी ती इंजेक्शने दिली ते कधी जंगलात गेले नसतील. मुळशीत गाईला टोचणारा डॉक्टरही नकळत वन्यजीवांचा डॉक्टर असतो. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याची तोंडओळख पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हवी, पहिल्या मजल्यावरचे बारकावे मात्र मोजक्यांनी पुढे शिकावेत. सध्या आपण नेमके उलटे करतो.

भुकूमच्या त्या मुलीला मी नंतर पत्र लिहिले. तिचा प्रश्न दोन भागांत मोडून पाठवला: सुई मारण्यापूर्वी गवा किती वेळ धावत होता, आणि तो धावू नये म्हणून कोणाला काय करता आले असते? सोबत ५० भागिले १.४ चे गणितही पाठवले. तिच्या शिक्षकांनी कळवले की वर्गात गणित सगळ्यांना सुटले, पण पहिल्या प्रश्नावरून दोन तास वाद झाला. गर्दीत उभी असलेली काही मुलांची घरचीच माणसे होती.